मुलाचा पलंग आणि पंख्याचा हूक

बीड शहराच्या कडेने वाढलेल्या वसाहतींत वीस बाय तीसचा प्लॉट हे घराचे नेहमीचे माप होऊन बसले आहे. सहाशे चौरस फुटांच्या त्या तुकड्यातून जिना, मोरी-संडास, स्वयंपाकघर आणि पुढची खोली वजा केली की मुलांच्या वाट्याला आठ बाय नऊची, कधी त्याहूनही लहान खोली उरते. खेड्यातल्या घरकुलात हिशेब आणखी आवळतो. २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागात नव्या रूपात आली, तेव्हा घराचे किमान क्षेत्र २० चौरस मीटरवरून २५ वर नेले गेले आणि त्यातच स्वयंपाकाची जागाही धरली गेली. २५ चौरस मीटर म्हणजे २६९ चौरस फूट. आईवडील, दोन मुले आणि आजी अशा कुटुंबात एवढ्यातून मुलांसाठी वेगळी खोली निघणे अवघड. निघतो तो एक कोपरा.

त्या खोलीत किंवा कोपऱ्यात मूल कुठे झोपेल, वह्या-पुस्तके कुठे ठेवील आणि अभ्यासाला कुठे बसेल, हा प्रश्न आपल्याला पडतो तो घर बांधून, रंग देऊन, वास्तुशांत उरकल्यावर. मग बाजारातून सहा बाय चारचा बॉक्स पलंग येतो. आठ बाय नऊच्या खोलीची एक तृतीयांश जमीन त्याच्याखाली जाते. कपाट आणि दाराचा पल्ला यांची जागा सोडली की मुलाला पाय मोकळे करायलाही उरत नाही, आणि अभ्यास पलंगावरच पोटावर पडून होतो. ज्यांना हे टाळायचे असते ते मोबाइलवर पाहिलेला दोन मजली पलंग करून घेतात. जागा वाचवण्याचा हा मार्ग शहाण्यासारखा वाटतो. आमचे म्हणणे असे की बीडसारख्या जिल्ह्यात, इथल्या छतांखाली आणि इथल्या उन्हाळ्यात, तो बहुतेक घरांसाठी चुकीचा आहे. आपल्या मुलाचा पलंग आपल्या घराचे छत, पंखा, भिंत आणि फरशी पाहून बनवावा लागेल. तसा तो बनवता येतो, आणि फार पैसे न घालता गावातल्या सुताराकडून बनवता येतो.

जागा वाचवणारा पलंग आपल्याला नवा नाही. माळवदाच्या घरात खणांवर माप चाले, आणि दोन-तीन खणांच्या घरात कायमचा पलंग ठेवणे परवडत नसे. बाज दिवसा भिंतीला उभी राही आणि रात्री आडवी होई. अंथरुणाच्या वळकट्या, वाकळा घडवंचीवर रचल्या जात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत एका खोलीत राहणाऱ्या विल्यम मर्फी यांनी भिंतीत उभा मिटणारा पलंग केला आणि तो त्यांच्या नावाने जगभर गेला. दिवसा उभे, रात्री आडवे ही युक्ती आपल्या बाजेने त्याच्या कितीतरी आधीपासून वापरली आहे. सुतळी किंवा नवार विणलेली बाज खालून हवा घेते, मे महिन्यात अंगणात नेता येते आणि सैल पडली तर घरीच ताणता येते. ज्या घरात मुलासाठी खरोखर एकच कोपरा आहे, तिथे चांगली विणलेली, पाचेक फुटांची बाज आजही कमी प्रतीचा पर्याय नाही.

मग जमिनीवरच का झोपवू नये, असे कुणी विचारील. अंथरूण घालायचे, सकाळी गोळा करायचे, खोली मोकळी. पक्क्या फरशीच्या, दारे-खिडक्या नीट बंद होणाऱ्या घरात त्याला हरकत नाही. पण आपल्या जिल्ह्यातली कितीतरी घरे शेताला लागून आहेत. भिंतीच्या बुडाशी भेगा असतात, शेजारी सरपणाचा ढीग किंवा कडब्याची गंजी असते, उंदीर असतात आणि उंदरांमागे साप येतो. मण्यार रात्री फिरतो. त्याचा दंश फारसा दुखत नाही, खूणही कित्येकदा दिसत नाही. झोपलेल्या मुलाला जाग येते ती पोटदुखीने. मग पापण्या जड होतात आणि नंतर श्वास अडतो. घरात जमिनीवर झोपलेली माणसे हे मण्यारदंशाचे नेहमीचे बळी, हे डॉक्टर वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. विंचवाचीही गोष्ट तीच. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून ज्यांनी मृत्यूचे प्रमाण खाली आणले, ते महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले आहेत. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. औषध हाताशी आहे, पण रात्री दोन वाजता वस्तीवरून दवाखाना गाठायचा तर वाट लांब असते.

म्हणून मुलाचा पलंग जमिनीपासून फूट-दीड फूट वर हवा, भिंतीपासून चार बोटे सुटा हवा, आणि त्याला मच्छरदाणी अशी हवी की तिची कड गादीखाली खोचता येईल. पलंगाखालच्या जागेचा निर्णयही याच धाग्याने होतो. जागा वाचवायची म्हणून पलंगाखाली पोती, जुनी भांडी, चपला, रद्दी कोंबली जाते. तोच अंधार, तोच गारवा, तोच आडोसा विंचवाला हवा असतो. पलंगाखाली एकतर जमिनीपर्यंत बंद असलेले खण असावेत, नाहीतर रोज केरसुणी फिरेल अशी मोकळी जागा. मधले काही नको.

आता दोन मजली पलंगाकडे. पत्र्याच्या घरात तो बसवू नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. एप्रिल-मे महिन्यांत बीडचा पारा चाळिशी ओलांडतो. दिवसभर तापलेला पत्रा संध्याकाळनंतरही वरून उष्णता टाकत राहतो आणि खोलीतली गरम हवा वरच साठते. आठ-नऊ फुटांवर पत्रा असलेल्या खोलीत वरच्या मजल्यावर झोपणारे मूल त्या हवेच्या थरात रात्र काढते. सिमेंटच्या स्लॅबखाली फरक पडतो, पण वाटतो तेवढा नाही. स्लॅब दिवसभराची उष्णता धरून ठेवतो आणि रात्री उशिरापर्यंत सोडतो. वर दुसरा मजला नसेल तर ती झळ थेट खाली येते. गच्चीला चुन्याचा पांढरा हात दिल्याने ताप कमी होतो आणि तो प्रत्येकाने द्यावाच. तरीही खोलीत झोपायची सर्वांत बरी जागा खालचीच राहते.

पंख्याचा विचार तर कुणी करतच नाही, आणि धोका सर्वांत मोठा तिथेच आहे. आठ बाय नऊची खोली घेऊ. पंखा मधोमध. नेहमीच्या पंख्याचा फेर चार फुटांचा असतो, म्हणजे मध्यापासून पाते दोन फूट पसरते. नऊ फुटांची भिंत मध्यापासून चार फुटांवर आहे. म्हणजे पात्याचे टोक आणि त्या भिंतीत राहिले दोन फूट. त्या भिंतीला लागून तीन फूट रुंद पलंग ठेवला की त्याची फूटभर कड पंख्याच्या फेराखाली येते. पलंग खालीच असेल तर बिघडत नाही. पण फळी चार फुटांवर असेल तर चार इंच गादी धरून दहा वर्षांच्या, साडेचार फूट उंचीच्या मुलाचे डोके उभे राहिल्यावर पावणेनऊ फुटांच्या पुढे जाते. दहा फूट उंचीच्या खोलीत पाते साधारण साडेआठ-नऊ फुटांवर फिरत असते. मूल पलंगावर उभे राहणारच नाही, असे कोणते आईबाप म्हणू शकतील? चादर झटकताना हात वर गेला तरी पुरे. तीन फुटी लहान पंखा लावला तर आडवी येणारी कड अर्ध्या फुटावर येते, संपत नाही. वर झोपायची सोय करायचीच असेल तर छताचा पंखा काढून जाळीचा भिंतीवरचा पंखा लावावा लागतो, तोही मुलाचा हात पोचणार नाही अशा भिंतीवर. हे सगळे पलंगाची ऑर्डर देण्याआधी टेपने मोजायचे असते.

मग बनवायचे काय? एकाच मुलासाठी आमची पसंती साध्या, बुटक्या, सहा बाय तीनच्या पलंगाला आहे. गादीच्या वरच्या कडेपर्यंत उंची दीड फूट, खाली दोन मोठे खण. झाकण वर उचलायचा बॉक्स मुलाच्या खोलीत नको. प्लायचे झाकण आणि वर गादी हे ओझे मुलाला पेलत नाही, मधेच सुटले तर बोटे सापडतात. हायड्रोलिक दांडीही काही वर्षांनी ढिली पडते. शिवाय लपाछपीत लहान मूल आत शिरून झाकण पडू शकते, आणि हा धोका काल्पनिक नाही. ओढायचा खण कितीही जड असला तरी कुणावर पडत नाही.

प्लायचा पत्रा आठ बाय चारचा येतो. त्यातून सहा बाय तीनची फळी कापली की दोन तुकडे उरतात, एक आठ बाय एकचा आणि दुसरा तीन बाय दोनचा. हा तीन बाय दोनचा तुकडा बहुतेक ठिकाणी भंगारात जातो. त्याला बिजागऱ्या लावून पलंगासमोरच्या भिंतीवर बसवले आणि खालून आधाराचा कंस दिला की अभ्यासाचे टेबल होते. वापरायचे तेव्हा उघडायचे, नाहीतर भिंतीला मिटलेले. आठ बाय एकच्या पट्टीतून उशाकडची पुस्तकांची फळी निघते. फळीखाली दीड-दीड फुटावर आडवे आधार दिले तर चार सूत जाडी पुरते; आधार कमी असतील तर सहा सूत घ्यावी. कापसाच्या गादीखालच्या फळीला थोड्या-थोड्या अंतरावर इंच-इंच भोके पाडून घ्यावीत, म्हणजे पावसाळ्यात गादी खालून कुबट होत नाही. प्लाय घेताना आयएस ३०३ हा मानक क्रमांक आणि शिक्का पाहावा. मोरीशेजारची ओलसर भिंत असेल तर आयएस ७१० घ्यावा. भुश्शाचा दाबीव बोर्ड स्वस्त दिसतो, पण ओल लागताच फुगतो आणि स्क्रू धरत नाही.

दोन भावंडे असतील तर वर चढवण्याऐवजी खालून ओढायचा पलंग करावा. वरची फळी नेहमीची. तिच्याखाली चाकांवरचा दुसरा पलंग, लांबी-रुंदीला दोन-तीन इंच कमी. चाक दोन इंच, चौकट आणि फळी दोन इंच, गादी चार इंच असा तो आठ इंचांत बसतो. वर इंचभर मोकळीक आणि वरच्या चौकटीची जाडी धरूनही वरच्या गादीची कड दीड फुटाच्या आसपासच राहते. रात्री खोलीची जमीन व्यापली जाते, पण रात्री ती कुणाला लागत नाही. खालचा पलंग आठ इंचांवरच असतो, ही त्यातली उणीव आहे. म्हणून त्यालाही चार कोपऱ्यांत मच्छरदाणीच्या काठ्या खोवायला भोके ठेवावीत. आणखी एक गोष्ट सुताराला आधी सांगावी लागते. आपल्याकडे शहाबादी फरशी आहे आणि तिचे सांधे वर-खाली असतात. बारीक प्लास्टिकची चाके तिथे अडकतात, मूल ओढताओढता वैतागते आणि महिन्याभरात पलंग कायमचा बाहेरच राहतो. दोन इंची रबरी चाके, आणि त्यांतली निदान दोन अडकवता येणारी, एवढे जपले तर तो रोज आत-बाहेर होतो.

भिंतीत मिटणारा पलंग आम्ही मुलांच्या खोलीसाठी सुचवत नाही. सहा बाय तीनची सहा सुती फळीच वीस किलोंच्या घरात जाते. चौकट आणि गादी मिळून वजन आणखी वाढते. हे सगळे भिंतीतल्या चार बोल्टवर लोंबते. गोदाकाठच्या गेवराई-माजलगाव पट्ट्यात काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि घरांच्या भिंतींना तडे देते. जुन्या दगड-मातीच्या भिंतीत बोल्ट धरत नाही, नव्या घरातल्या चार इंची विटांच्या आडभिंतीचाही भरवसा धरू नये. दुमडायचेच असेल तर टेबल दुमडा, पलंग नको.

लाकूड की लोखंड, याचे एकच उत्तर नाही. सागवान उत्तम, पण नवे घेणे बहुतेकांना झेपत नाही. जुनी माळवदे पाडली जातात तेव्हा निघणाऱ्या तुळया-खांबांचे सागवान पुष्कळदा चांगले निघते. घेताना वाळवी पाहावी आणि आतले खिळे काढून घ्यावेत. बाभूळ आपल्या मातीतली आणि मजबूत, पण ओली असताना वापरली तर पीळ खाते. वर्षभर सावलीत सुकलेली मिळाली तरच पायांसाठी घ्यावी. वेल्डिंगच्या दुकानातून दीड इंची चौकोनी पाइपची, सोळा गेजची चौकट करून वर प्लाय टाकणे हा मधला मार्ग स्वस्तही आहे आणि वाळवीला दाद देत नाही. फक्त वेल्डिंगच्या गाठी घासून गुळगुळीत केल्याशिवाय आणि पाइपची उघडी तोंडे बंद केल्याशिवाय तो घरी आणू नये. चौकट कशाचीही असो, ती नट-बोल्टने सुटी होणारी हवी. अडीच फुटी दारातून अख्खा पलंग जात नाही, आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्याला तो पुन्हा न्यायचा असतो.

चौकटीच्या चार कोपऱ्यांना उभ्या दांड्या ठेवल्या तर मच्छरदाणीबरोबर पडदाही लावता येतो. हे आम्ही विशेषतः मुलींसाठी लिहीत आहोत. एका-दोन खोल्यांच्या घरात बारा-तेरा वर्षांच्या मुलीला कपडे बदलायला, पुस्तक उघडून बसायला, नुसते गप्प राहायलाही स्वतःची जागा नसते. पडदा ओढल्यावर तीन बाय सहा फूट तिचे होतात. घरात पाहुणे आले की तिलाच जागा सोडावी लागते, ही रीत तरी त्या पडद्याअलीकडे थांबावी.

दोन मजली पलंग जिथे टाळता येत नाही अशी एक जागा मात्र या जिल्ह्यात आहे, ती म्हणजे वसतिगृहे. दिवाळीच्या आगेमागे बीडमधून ऊसतोडीची बिऱ्हाडे कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपेपर्यंत पाचटाच्या कोपीत राहतात. आईबापांबरोबर गेलेले मूल त्या कोपीत जमिनीवर झोपते आणि त्याची शाळा सुटते. त्यासाठी हंगामी वसतिगृहे चालतात. २०२१ मध्ये राज्य सरकारने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. ऊसतोड कामगारांच्या तालुक्यांत मुला-मुलींसाठी वेगवेगळी, प्रत्येकी शंभर जणांची वसतिगृहे, असे तिचे स्वरूप आहे. शंभर मुले झोपवायची तर पलंगावर पलंग येणारच. तिथे खरेदीच्या कागदात लांबी, रुंदी आणि पाइपचा गेज एवढेच लिहून भागणार नाही. अमेरिकेत दुमजली पलंगांना कायद्याने जे नियम आहेत त्यांतले मोजके आपणही जसेच्या तसे घ्यावेत. वरच्या पलंगाला दोन्ही बाजूंनी कठडा असावा, अगदी भिंतीकडच्या बाजूलाही. कठडा गादीच्या वर निदान पाच इंच यावा. कठड्यात आणि चौकटीत साडेतीन इंचांपेक्षा मोठी फट नसावी, कारण मूल पायाकडून त्या फटीत सरकते आणि डोके अडकते. सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नये, असा सल्ला तिथली ग्राहक सुरक्षा यंत्रणा देते.

पाच इंचांच्या नियमाला आपल्याकडे एक पुरवणी लागते. तिथली गादी ठरलेल्या जाडीची असते; आपली कापसाची. नव्याने पिंजून भरून आणलेली गादी चांगली फुगते आणि कठड्याची उंची तेवढीच कमी होते. म्हणून कठड्याच्या दांडीवर रंगाने एक रेघ मारून ठेवावी आणि गादी त्या रेघेवर जाऊ देऊ नये. वसतिगृहाचे अधीक्षक बदलतात, गाद्या बदलतात, रेघ राहते. शिडीचा गोल पाइप अनवाणी पायात रुततो, त्यापेक्षा चपट्या पायऱ्या द्याव्यात. आणि पंख्याचा हिशेब शंभर मुलांच्या हॉललाही तोच लागू आहे.

हे सगळे करणारे हात जिल्ह्यात आहेत. गावचा सुतार औत, पाभर, बैलगाडी करून बलुत्यावर जगला. आता औते लोखंडाची झाली आणि तयार फर्निचर ट्रकने येते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे. तिच्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. या प्रशिक्षणात लहान घरातल्या मुलाच्या पलंगाचे दोन-तीन नमुने मापांसह शिकवावेत. बीड, अंबाजोगाई, परळीच्या आयटीआयनेही ते करून दाखवावेत. गेवराईच्या सुताराने केलेला पलंग मोडला तर तो गेवराईतच दुरुस्त होतो.

आणि काही गोष्टी तर पलंगाच्याही आधी, घर बांधतानाच व्हायला हव्यात. पंख्याचा हूक स्लॅब पडण्यापूर्वी सळईला बांधला जातो आणि पुढची तीस-चाळीस वर्षे तो हलत नाही. खोलीचा नकाशा काढताना पलंगाचा सहा बाय तीनचा चौकोन त्यावर आखावा आणि हूक त्या चौकोनापासून दूर सरकवावा. दाराचा पल्ला पलंगावर आपटणार नाही अशा बाजूला उघडावा. अभ्यासाच्या टेबलाशी दिव्याचा आणि बटनाचा पॉइंट घ्यावा. खिडकीची खालची कड पलंगावर झोपलेल्या मुलाच्या अंगावर वारा येईल इतकी खाली घ्यावी आणि तिला जाळी बसवावी. यांतल्या बहुतेक गोष्टींना जास्तीचा खर्च नाही, फक्त आधी ठरवाव्या लागतात. घरकुलाच्या लाभार्थ्याला पंचायत समितीतून नकाशा आणि तांत्रिक सल्ला मिळतो. त्या नकाशात चुलीची जागा दाखवलेली असते, तशी मुलाच्या पलंगाची आणि पंख्याच्या हुकाचीही दाखवली जावी, अशी आमची जिल्हा परिषदेकडे मागणी आहे. स्लॅबची पाहणी करायला येणाऱ्या अभियंत्याने हप्त्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो हूक कुठे बांधला आहे, हेही पाहावे.